पत्त्यांची गोष्ट

१९८०च्या दशकात सौदीत आलेल्या मंडळींना आठवत असेल, त्या काळी इथे घराला पत्ता असा नसायचाच. कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर हाच आपला पत्ता. गावाकडून आलेले पत्र आधी कंपनीच्या पेटीत पडायचे, तिथून ऑफिसात आणि मग आपल्या हातात. घरी कुणाला जेवायला बोलवायचे, तर फोनवर सांगावे लागे, "पेट्रोल पंपापासून दुसरे डावे वळण घ्या, मशीद लागेल, तिच्यामागे बकाला, बकाल्याच्या वर तिसरा मजला." आता राष्ट्रीय पत्ता आला आहे. इमारतीला चार आकडी क्रमांक, पाच आकडी पोस्टकोड, वर आणखी चार आकडे. आणि घाईच्या वेळी चार अक्षरे व चार अंकांचा छोटा पत्ता. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तो तोंडपाठ असतो. आम्हाला मात्र अजून बकालाच आठवतो.

या तीनही पद्धती संगणकाच्या मेमरीतही आहेत. ठरलेला नंबर, कुठून तरी मोजत जाण्याचा मार्ग, आणि कुणीतरी मधे बसून पोचवून देणारी पेटी. मेमरीत पत्ता कसा द्यायचा आणि कुणाला कुठवर जाऊ द्यायचे, हा विषय मी पुष्कळ वर्षे वर्गात शिकवला. परीक्षेत तो पाच-दहा मार्कांचा असे. ४ ऑगस्ट २०१७ रोजी, सौदीच्या सुट्टीच्या दिवशी म्हणजे शुक्रवारी, एका पेट्रोरसायन कारखान्यात जे घडले, त्याने तो वर्गाबाहेर आणला. त्या कारखान्याचे नाव वर्तमानपत्रांतून आलेले आहे. अमेरिकी सरकारच्या कागदपत्रांत ते नाही, आणि आपल्या गोष्टीला त्याची गरजही नाही. आपल्यातले कितीतरी जण जुबैल, यान्बू, रास तनुरा, रबिघ इथल्या कारखान्यांत काम करतात किंवा करत होते. म्हणून ही गोष्ट आपल्या दिवाळी अंकात यावी असे मला वाटले.

पेट्यांची रांग

धाकट्या वाचकांसाठी अगदी मुळापासून सुरुवात करू. मेमरी म्हणजे पोस्ट ऑफिसातल्या पेट्यांसारखी एक लांब रांग. प्रत्येक पेटीवर नंबर, आत एक संख्या. ती संख्या कधी तापमान असते, कधी एखादे अक्षर, तर कधी प्रोसेसरला दिलेली आज्ञा. पेटीत माहिती आहे की आज्ञा, हे पेटीकडे पाहून कळत नाही. या एका वाक्यात पुढच्या सगळ्या संकटाचे मूळ आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण आकारात सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात अशा २०४८ पेट्या होत्या, प्रत्येकीत ४० बिट. भारतात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्या काळचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस खरे नंबर वापरत असे. कुठली संख्या कुठल्या पेटीत, हे त्याच्या वहीत लिहिलेले असे. एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, त्यामुळे शेजाऱ्याच्या पेटीत हात घालण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारीच नव्हता.

शेजारी आला तो एका यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली तेव्हा. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने बांधलेला ॲटलस हा संगणक डिसेंबर १९६२मध्ये सुरू झाला. त्यात प्रोग्रॅमला दिलेला नंबर आणि खरी पेटी यांची फारकत केलेली होती. प्रोग्रॅमने सांगावे, "मला अमुक नंबर हवा." यंत्राने तो नंबर खऱ्या जागेत बदलून घ्यावा. हवे ते पान जलद मेमरीत नसेल तर फिरत्या ड्रमवरून आणावे. यालाच आपण आभासी मेमरी म्हणतो. तिचा दुहेरी फायदा झाला. थोडी मेमरी पुष्कळ वाटू लागली, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचे कुंपण मिळाले. ज्या जागेचा पत्ताच तुम्हाला उच्चारता येत नाही, तिथे तुम्ही नासधूस तरी कशी करणार?

वेळेवर येणाऱ्यांची अडचण

मग सगळ्यांनीच ही पद्धत का घेतली नाही? कारण काही संगणकांना उशीर परवडत नाही.

एखाद्या भांड्यातला दाब वाढतो आहे आणि व्हॉल्व्ह सेकंदाच्या काही अंशात बंद करायचा आहे. नेमके तेव्हाच प्रोसेसर म्हणाला, "थांबा, ते पान मेमरीत नाही, घेऊन येतो," तर? इथे सरासरी वेग कामाचा नाही. सर्वांत वाईट दिवशी किती वेळ लागेल, त्याची हमी हवी. रिअल-टाइम या शब्दाचा खरा अर्थ तोच, वेगवान असा नव्हे. लोकल कधी दोन मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी आली आणि सरासरी चांगली निघाली, तरी ऑफिसात लेटमार्क लागायचा तो लागतोच.

चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानातल्या संगणकाकडे पाहा. त्यात बदलता येणारी मेमरी होती २०४८ शब्दांची, टिफ्रॅकइतकीच; आणि तारा ओवून तयार केलेली कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची. एका आज्ञेत पत्त्यासाठी जागा होती बारा बिटांची, म्हणजे ४०९६ नंबर पुरतील एवढीच. उरलेल्या शब्दांपर्यंत पोचण्यासाठी आधी "आता अमुक कप्पा उघडा" असे सांगायचे आणि मग तोच नंबर नव्या कप्प्यात वापरायचा. किचकट काम होते. पण कुठली गोष्ट कुठे आहे आणि तिला किती वेळ लागेल, हे आधीच मोजून ठेवता येत होते.

पुढे १९७८ साली इंटेलचा ८०८६ आला. त्यात मेमरीचे तुकडे होते आणि प्रत्येक पत्ता दोन भागांचा. १९७९ साली मोटोरोलाचा ६८००० आला. त्यात शून्यापासून सरळ मोजत जावे अशी एकसंध रांग. यंत्रांच्या पोटात संगणक बसवणाऱ्यांना ही सरळ रांग फार आवडली. १९८७ साली बाजारात आलेली व्हीएक्सवर्क्स ही कार्यप्रणाली याच वळणाची. तिच्यातली सगळी कामे मूळच्या रचनेत एकाच पत्ता-विश्वात राहत. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात तीच होती.

या रचनेला सपाट मेमरी म्हणतात. मी विद्यार्थ्यांना वाड्याचे उदाहरण देत असे. एक चौक, भोवती बिऱ्हाडे, कुणाच्याच दाराला कडी नाही. वाटीभर साखर हवी तर सरळ शेजारच्या स्वयंपाकघरात जावे. काम झटपट होते, मधे कुणाला विचारावे लागत नाही, आणि कमी जागेत पुष्कळ माणसे राहतात. बिऱ्हाडकरू घरोब्याचे असतील तोवर हे छान. पण एखाद्याने चुकून भलत्याच घरातला डबा उचलला, तर तो कुणी उचलला हे शोधता शोधता दिवस जातो. आणि परका माणूस एकदा दिंडी दरवाजातून आत आला, की त्याला सगळीच घरे उघडी.

कुंपण घालता येत नव्हते असे नाही. कॅनडातल्या क्यूएनएक्सच्या कर्त्यांनी वेगवेगळ्या कामांना वेगळे ठेवण्याचा मार्ग १९८०च्या दशकातच धरला होता. व्हीएक्सवर्क्समध्ये स्वतंत्र कुंपणातल्या प्रक्रिया २००४ सालच्या आवृत्तीत आल्या. पण उद्योगात एकदा बसवलेले यंत्र वीस-पंचवीस वर्षे काढले जात नाही. त्यामुळे वाड्यांचा काळ संपला तरी वाडे उभेच राहिले.

मीही वर्गात सांगत असे, "कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये बाहेरचा माणूस येतोय कुठे? तिथे कुंपण ही चैन आहे." हे वाक्य मी किती वर्गांत बोललो असेन, सांगता येत नाही. त्या वर्गांतली मुले पुढे कारखान्यांत गेली. म्हणून हा लेख थोडा माझ्या चुकीचाही आहे.

तीन साक्षीदार

आता कारखान्याकडे वळू. २ व ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये काय झाले, ते आपल्या पिढीला सांगायला नको. १९८८ साली उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसे गेली. अशा दुर्घटनांतून एक तत्त्व पक्के होत गेले. कारखाना चालवणारी यंत्रणा वेगळी आणि संकटात तो बंद करणारी यंत्रणा वेगळी असली पाहिजे. पहिली बिघडली तरी दुसरीने एकटीने व्हॉल्व्ह बंद करून वायू सुरक्षित जागी वळवावा. नंतर त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही झाले.

पण ही दुसरी यंत्रणाच खोटे बोलू लागली तर? त्यावर उत्तर निघाले तीन संगणकांचे. तिघांनी तेच वाचायचे, तेच गणित करायचे आणि मत द्यायचे. दोघांचे जुळले तर तिसऱ्याचे ऐकायचे नाही. ही कल्पना विमानांच्या संगणकांसाठी विकसित होत होती. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत नासासाठी चाललेल्या अशाच कामातून लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांचा 'बायझंटाइन सेनापतीं'चा प्रसिद्ध निबंध १९८२ साली आला. कटात सामील झालेला एखादा सेनापती वेगवेगळ्यांना वेगवेगळे सांगत असेल, तर बाकीच्यांनी एकमत कसे करावे, हा त्याचा विषय. १९८३ साली कॅलिफोर्नियातच ट्रायकोनेक्स ही कंपनी निघाली. तिचा ट्रायकॉन हा तीन प्रोसेसरांचा कंट्रोलर पुढे जगभरच्या रिफायनऱ्यांत बसला. कंपनीची मालकी बदलत गेली, कंट्रोलर आपल्या जागी राहिला. त्याच्या दर्शनी भागावर एक किल्ली असते. ती 'रन'वर असली की कंट्रोलर नवा प्रोग्रॅम घेत नाही, 'प्रोग्रॅम'वर असली की घेतो.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. तीन साक्षीदारांची ही योजना बिघाडासाठी होती. सुटा भाग जळेल, बिट उलटेल, तार तुटेल. तिघांनाही तेच खोटे कुणी शिकवेल, ही शक्यता त्या मतदानात धरलेली नव्हती.

शुक्रवारची संध्याकाळ

सौदीला संगणकी हल्ला नवा नव्हता. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या महिन्यात, शामून नावाच्या विषाणूने अराम्कोचे सुमारे ३०,००० संगणक पुसून टाकले होते. पण ते ऑफिसातले संगणक होते. तेल निघत राहिले.

२०१७मध्ये गोष्ट वेगळी झाली. जून महिन्यात त्या कारखान्याची सुरक्षा यंत्रणा एकदा आपोआप बंद झाली. तेव्हा तो यंत्रातला बिघाड समजला गेला. ४ ऑगस्टच्या संध्याकाळी ती पुन्हा बंद झाली. धोका नसताना दोनदा गजर झाल्यावर नीट तपास सुरू झाला. ट्रायकॉन कंट्रोलरना प्रोग्रॅम देणाऱ्या इंजिनियरिंग संगणकावर एक अनोळखी फाइल सापडली. वरवर ती उत्पादकाच्याच एका साधनासारखी दिसत होती. आत मात्र कंट्रोलरची खासगी भाषा बोलणारा कार्यक्रम होता. ही भाषा कुठेही जाहीर छापलेली नव्हती, कुणीतरी ती बसून शोधून काढली होती. डिसेंबर २०१७मध्ये ही बातमी जगाला कळली. एका संस्थेने या विषाणूला ट्रायटन म्हटले, दुसरीने ट्रायसिस.

आता पत्त्यांकडे येऊ. त्या कंट्रोलरमधला प्रोसेसर मोटोरोलाच्या पॉवरपीसी घराण्यातला होता. तो ६८०००पेक्षा पुढच्या पिढीचा. त्यात मेमरीला कुंपण घालण्याची सोय होती आणि प्रोग्रॅमचे दोन दर्जेही होते, एक साधा आणि एक मालकाचा. म्हणजे हा पूर्ण उघडा वाडा नव्हता. इथे गेट होते आणि गेटवर पहारेकरीही होता. मग चोर आत गेला कसा?

आपल्याकडच्या कंपाउंडचेच उदाहरण घ्या. पाहुणा गेटवर इकामा जमा करतो. पहारेकरी तो ठरलेल्या फळीवर ठेवतो आणि बाहेर पडताना परत देतो. साध्या प्रोग्रॅमला कार्यप्रणालीकडून काही काम करून घ्यायचे असते, तेव्हा असेच होते. प्रोसेसरची सगळी ओळखपत्रे बाजूला ठेवली जातात, काम होते, आणि ती परत उचलून प्रोग्रॅम पुढे चालतो. त्या ओळखपत्रांत एक बिट असते: हा साधा की मालक?

अमेरिकी सरकारच्या सायबर विभागाने एप्रिल २०१८मध्ये जी सूचना काढली, तिच्यात दोन दोष नोंदले आहेत. पहिला: ही ओळखपत्रे मेमरीत नेहमी एकाच ठरावीक पत्त्यावर ठेवली जात. दुसरा: साध्या प्रोग्रॅमने दिलेले पत्ते कार्यप्रणाली न तपासता वापरत असे, त्यामुळे तिच्याच हातून मेमरीत कुठेही काहीही लिहवून घेता येई. दोन्ही जोडा. फळी नेहमी तीच, आणि पहारेकरी सांगाल त्या जागी सांगाल ते ठेवतो. मग त्यालाच सांगायचे, "माझ्या इकाम्यावर मालक असा शिक्का मार." परत निघताना तो आदराने दार उघडतो.

मालक झाल्यावर घुसखोराने फारशी मोडतोड केली नाही. नेटवर्कवरून येणाऱ्या तपासणीच्या एका आज्ञेचे काम करणारा भाग कुठे आहे, त्याचा पत्ता एका तक्त्यात असतो. तेवढा त्याने बदलला. पोस्ट बॉक्सवर आलेली पत्रे आता आधी त्याच्या हातात पडणार. पत्र भलत्याचे असेल तर तो ते निमूटपणे मूळ जागी पाठवी. स्वतःच्या मालकाचे असेल तर तीन कामे करी: मेमरीतून वाचणे, मेमरीत लिहिणे, आणि दिलेल्या पत्त्यावरच्या आज्ञा चालवणे. कार्यप्रणालीच्या राखीव भागात लिहायचे असेल तर तेवढ्यापुरते पत्त्यांचे कुंपणच बाजूला करून, लिहून पुन्हा लावायचे. एकदा हे बसले की समोरची किल्ली कुठे आहे याने फरक पडत नव्हता. पण बसवताना ती 'प्रोग्रॅम'वर असणे आवश्यक होते, आणि ती तशी होती.

मग कारखाना वाचला कसा? फायरआय या संस्थेच्या अहवालाप्रमाणे, तीन प्रोसेसरांमधल्या परस्पर-पडताळणीत प्रोग्रॅम जुळला नाही आणि कंट्रोलरने नियमाप्रमाणे सुरक्षित बंद केले. बिघाडासाठी नेमलेल्या तीन साक्षीदारांनी, त्यांच्या कर्त्यांच्या मनातही नसलेला घुसखोर पकडून दिला. त्याला काय करायचे होते, ते कळले नाही. शेवटचा घाव घालणारा भाग सापडलाच नाही. पण संकटात बंद करणाऱ्या यंत्रणेचा ताबा कुणी कशासाठी घेतो, हे रासायनिक कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पुढे ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेने मॉस्कोतल्या रसायन व यांत्रिकी विषयाच्या एका सरकारी संशोधन संस्थेवर या प्रकरणी निर्बंध घातले. मार्च २०२२मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्यावरचे आरोपपत्र खुले झाले. उत्पादक कंपनीने जानेवारी २०१८मध्येच एका जाहीर परिषदेत आपल्या कंट्रोलरमधला दोष कबूल केला होता. हा मोकळेपणा मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्यासाठी

या गोष्टीतून "सपाट मेमरी वाईट, कुंपणाची चांगली" एवढाच निष्कर्ष काढला तर तो अपुरा आहे. कुंपण होते. चुकले ते आतून आलेल्या पत्त्यावर ठेवलेल्या विश्वासात. आणि तो विश्वास कुणा आळशी माणसाचा नव्हता. मेमरी महाग होती, प्रत्येक तपासणीला वेळ लागत होता, आणि वेळेची हमी देणे हाच त्या अभियंत्यांचा धर्म होता. त्यांनी त्या काळचा धोका मोजला आणि योग्य निर्णय घेतला. पुढे काळ बदलला. ज्या कंट्रोलरला बाहेरची तार नव्हती, त्याला ती सोयीसाठी जोडली गेली. निर्णय मात्र फिरून कुणी तपासला नाही. मीही नाही. माझ्या नोट्समधले ते वाक्य निवृत्तीपर्यंत तसेच होते.

आपल्या दुसऱ्या पिढीतली कितीतरी मुले आज संगणक शिकत आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की कुणी पत्ता दिला तर आधी विचारा, हा देणारा कोण, आणि त्याला तिथे जायचा अधिकार आहे का. या तपासणीला काही मायक्रोसेकंद लागतात. आता ते परवडतात.

आणि कारखान्यात काम करणाऱ्या मित्रांना एक विनंती. इथे दिवाळीची सुट्टी नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही आपल्यातले काही जण पाळीवर असतील. डब्यात घरून आलेला फराळ असेल. तो उघडण्याआधी कंट्रोलरच्या कपाटाशी जाऊन किल्ली 'रन'वर आहे ना, एवढे बघून या.